एका प्रश्नाचा माणूस : धर्मानंद कोसंबी

सहावं सेमिस्टर संपत आलं की होस्टेलच्या कट्ट्यावर एक विषय हमखास निघतो – पुढे काय? कुणी कॅटचे क्लास लावतो, कुणी जीआरईच्या शब्दांची यादी भिंतीवर चिकटवतो, तर कुणी कॅम्पसला जी कंपनी आधी येईल ती आपली म्हणून मोकळा होतो. आणि मग रात्री दोन वाजता, सबमिशनच्या जर्नल्सची उतरवाउतरवी संपल्यावर, एखादा हळूच बोलून जातो की यार, आपल्याला नक्की काय पाहिजे तेच कळत नाही. त्यावर बाकीचे हसतात खरे, पण ते हसणं थोडं खोटंच असतं. कारण तो प्रश्न प्रत्येकाचाच असतो.

या प्रश्नावर पुस्तकांच्या दुकानात ढीगभर पुस्तकं मिळतात. कुणी सात पायऱ्या सांगतो, कुणी एकवीस दिवसांत आयुष्य बदलून देतो. मी मात्र आज तुम्हाला अशा एका माणसाबद्दल सांगणार आहे ज्याच्याकडे ना डिग्री होती, ना पैसा, ना तब्येत. होता फक्त एक प्रश्न. तो प्रश्न धरून हा माणूस गोव्यातल्या नारळाच्या बागेतून निघाला आणि काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश करत थेट अमेरिकेतल्या हार्वर्डपर्यंत पोचला. त्यांचं नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. गाव गोव्यातलं साखवाळ. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरची परिस्थिती बेताची. मुलगा लहानपणापासून अशक्त, त्यामुळे शाळा अशी धडपणे झालीच नाही. गावच्या मराठी शाळेत जे काही तुटक तुटक शिकायला मिळालं तेवढंच. पुढे बागायतीचं काम गळ्यात पडलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच लग्नही झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. म्हणजे सगळं आयुष्य आधीच आखून ठेवलेलं होतं – माड, पाटाचं पाणी, संसार आणि गाव.

पण या मुलाला वाचायचं भारी वेड. हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं. तुकोबांची गाथा तर त्यांनी अगदी मनापासून वाचली. बाहेरून शांत दिसणाऱ्या या तरुणाचं मन आतून मात्र सतत उदास असायचं. आपण इथे काय करतोय, असंच आयुष्य जाणार का, या विचारांनी घेरलेलं. आपल्याला वाटतं की हे आजच्या पिढीचं दुखणं आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, वीज नसलेल्या एका खेड्यात, कंदिलाच्या उजेडात हाच प्रश्न कुणीतरी स्वतःला विचारत होतंच की!

वयाच्या एकविशीच्या आसपास त्यांच्या वाचनात ‘बालबोध’ मासिकातला एक लेख आला. ‘बालबोध’ म्हणजे मुलांसाठी निघणारं मासिक. त्यात गौतम बुद्धाचं छोटंसं चरित्र होतं. किती जणांनी तो अंक वाचला असेल आणि बाजूला ठेवून दिला असेल! धर्मानंदांच्या मनात मात्र तो लेख घर करून बसला. ज्या माणसाने एवढी शांती मिळवली त्याने नक्की सांगितलं तरी काय? हा त्यांचा प्रश्न. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर विचारायला आसपास कुणीच नव्हतं. बौद्ध धर्म आपल्या देशातून जवळजवळ दिसेनासा झालेला. मूळ ग्रंथ पाली भाषेत, आणि पाली शिकवणारा माणूस या भागात शोधूनही सापडणं कठीण. मराठीत बुद्धावर जे काही होतं ते अगदीच थोडं. लायब्ररीत सिलॅबसचं पुस्तक मिळालं नाही तर आपण आरडाओरडा करतो. इथे तर भाषेपासूनच सुरुवात होती.

१८९९ साल उजाडलं. याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली, माणिक. आणि याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडलं.

इथे जरा थांबायला हवं. कारण अशा गोष्टी सांगताना आपण पटकन पुढे जातो. निघालेल्या माणसाच्या पायाखालचे रस्ते सगळ्यांना दिसतात, पण घरात राहिलेल्या माणसाचे दिवस कुणी मोजत नाही. बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिल्या. नवरा कुठे जाणार, कधी येणार, येणार की नाही, काहीच नक्की नव्हतं. धर्मानंदांच्या शोधाचा खर्च त्यांच्या खिशातून झाला नाही, कारण खिशात काही नव्हतंच. तो खर्च बाळाबाईंनी सोसला. हे मनात ठेवूनच पुढची गोष्ट वाचायची.

पहिला मुक्काम पुणे. बुद्धाचा शोध घ्यायचा तर आधी संस्कृत हवं, हे त्यांना कळलं होतं. पुण्यात त्यांची डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी ओळख झाली. भांडारकर म्हणजे त्या काळातले संस्कृतचे मोठे पंडित आणि प्रार्थना समाजाचे पुढारी. त्यांचा आधार मिळाला. पण पुण्यात संस्कृत पक्कं होण्याइतके दिवस निघणं अवघड होतं, म्हणून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. काशीत विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रं होती. तिथे जेवायचं आणि शास्त्र्यांकडे जाऊन शिकायचं. आपल्या मेसच्या डाळीला आपण काय काय नावं ठेवतो! त्यांनी ते अन्नछत्राचं जेवण जेवून व्याकरण आणि काव्य घोकलं, तेही अशक्त शरीराने.

संस्कृत आलं, पण बुद्ध काही सापडला नाही. मग कुणी सांगितलं की नेपाळात बौद्ध धर्म अजून जिवंत आहे. १९०२ साली धर्मानंद डोंगर तुडवत नेपाळला गेले. तिथे जे दिसलं त्याने त्यांची निराशा झाली. त्यांच्या मनातल्या बुद्धाचा तिथल्या कर्मकांडाशी मेळ बसेना. एखादा तिथूनच घरी परतला असता, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. पण धर्मानंद खाली उतरले ते बोधगयेला गेले. तिथे त्यांना कळलं की पाली शिकायचं तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावं लागेल. झालं! खिशात पैसे नाहीत, तिथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. तरी कलकत्ता, मद्रास असं करत हा माणूस त्याच वर्षी कोलंबोला पोचला.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य हे थोर भिक्षू होते. त्यांच्याकडे धर्मानंद पाली शिकले आणि श्रामणेर झाले. श्रामणेर म्हणजे भिक्षू होण्याआधीची पायरी. अखेर बुद्धाचे शब्द बुद्धाच्या परंपरेतल्या भाषेत वाचायला मिळाले! तुकोबांची गाथा वाचणारा हा माणूस आता त्रिपिटक वाचत होता. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तिथे भिक्षू झाले, एकांतात राहून ध्यान शिकले. मग भारतात परत येऊन भिक्षूच्या वेषात सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी, राजगृह अशी बुद्धाच्या आयुष्यातली ठिकाणं हिंडले. भिक्षूने पैशाला हात लावायचा नसतो. त्यामुळे मिळेल ती भिक्षा, आणि बरीचशी वाट पायी.

आता इथे गोष्ट संपली असती तर ती एका साधूची गोष्ट झाली असती. प्रश्नाचं उत्तर मिळालं, चीवर मिळालं, शांती मिळाली, शेवट गोड. पण मला धर्मानंद खरे मोठे वाटतात ते यापुढच्या वळणावर.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवलं.

का? कारण त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला जे मिळालं ते आपल्याच लोकांना माहीत नाही. ज्या मराठी मुलुखातून आपण निघालो तिथे बुद्धाने काय सांगितलं हे सांगणारं कुणी नाही. भिक्षूचे नियम सांभाळत हे काम होणं कठीण. आणि नुसत्या स्वतःच्या शांतीसाठी नियम सांभाळत बसणं त्यांना पटेना. सात वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते चीवर त्यांनी खाली ठेवलं आणि प्रश्न मात्र हातात ठेवला. एखाद्या ब्रँचला, एखाद्या नोकरीला, एखाद्या ओळखीला आपण किती चिकटून बसतो हे आठवा, म्हणजे ही गोष्ट किती अवघड होती ते कळेल.

कलकत्त्यात त्यांना नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचं काम मिळालं. मॅट्रिकही न झालेला माणूस विद्यापीठात शिकवू लागला! तेव्हाच ते गोव्याला आले आणि जवळजवळ सात वर्षांनी बायको-मुलीला भेटले. त्यांना कलकत्त्याला घेऊन गेले. ती मुलगी, जिला त्यांनी तान्ही असताना सोडलं होतं, आता शाळेच्या वयाची झाली होती. गेलेली वर्षं परत देता येत नाहीत. पण यानंतर मुलांच्या शिक्षणाकडे त्यांनी मनापासून लक्ष दिलं, हे मात्र खरं.

कलकत्त्यात सगळं ठीक चाललं होतं. पगार चांगला होता, मान होता. तेवढ्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून एक देऊ केलेली गोष्ट समोर आली. महिना ५० रुपये, तीन वर्षं. अट एकच – महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. कलकत्त्याचा पगार यापेक्षा बराच जास्त होता. पॅकेजच्या हिशेबात बघितलं तर हा सरळ सरळ तोट्याचा सौदा! धर्मानंदांनी १९०८ साली तो आनंदाने घेतला. कारण त्यांचं काम मराठीत होतं, महाराष्ट्रात होतं. कुठला सौदा तोट्याचा हे ठरवायला आधी आपल्याला काय पाहिजे ते माहीत असावं लागतं. त्यांना ते माहीत होतं.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांची आणि धर्मानंदांची भेट झाली. हार्वर्डमध्ये एक मोठं काम अडून पडलं होतं. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती करायला घेतली होती, पण काम पुरं होण्याआधीच तो वारला. साल होतं १८९९. म्हणजे ज्या वर्षी बोस्टनजवळ एक माणूस हे काम अर्धवट ठेवून गेला, त्याच वर्षी गोव्यातून दुसरा माणूस घराबाहेर पडला होता. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. १९१० साली धर्मानंद ते काम पुरं करायला अमेरिकेला गेले.

तिथला अनुभव मात्र सगळाच गोड नव्हता. प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचं पटलं नाही. वाद होता तो कामाचं श्रेय कुणाच्या नावावर जावं याचा. प्रोजेक्ट एकाने करायचा आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्याकडेही नवीन नाही. धर्मानंदांनी भांडणतंटा वाढवला नाही, पण मानही तुकवली नाही. १९१२ साली ते काम तसंच ठेवून परत आले. नंतर ते आणखी तीन वेळा हार्वर्डला गेले, आणि लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६-२७ च्या फेरीत ते काम पुरं केलं. ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९५० साली, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मुखपृष्ठामागे वॉरन आणि कोसंबी ही दोन्ही नावं आहेत. मधल्या काळात त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती भारतात वेगळी काढली होती. अमेरिकेत छापायला उशीर झाला म्हणून इथल्या विद्यार्थ्यांनी का थांबायचं?

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पाली विषय सुरू व्हावा म्हणून त्यांनी भांडारकरांच्या मदतीने खटपट केली, आणि तो सुरू झाला. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे जगभर नाव झालेले अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या विषयासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला, तो पुण्याच्या मुलाला चालत जाऊन शिकता येऊ लागला. सोप्या मराठीत ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’ अशी पुस्तकं त्यांनी लिहिली. १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आलं. त्यात कुठेही स्वतःचा मोठेपणा नाही. प्रवासातली उपासमार, आजार, मनाचे खेळ, सगळं एखाद्या लॅबच्या वहीत निरीक्षणं लिहावीत तसं सरळ लिहिलंय.

आणि हा माणूस एका जागी थांबलाही नाही. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादावरची पुस्तकं वाचली. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या संशोधनासाठी गेले. परत आले तो इथे मिठाचा सत्याग्रह सुरू झालेला. १९३० साली वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांनी त्यात उडी घेतली आणि तुरुंगात गेले. पुढे मुंबईत परळच्या गिरणगावात, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला. विद्वानांच्या सभेत मान मिळत असताना त्यांना गिरणी कामगारांच्या चाळीजवळ राहावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

१९४० साली त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक आलं. साहित्य अकादमीने पुढे ते अनेक भारतीय भाषांत नेलं. त्यात एक भाग फार महत्त्वाचा आहे. आपल्या सगळ्यांना गोष्ट माहीत असते ती अशी की राजपुत्र सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि तो मध्यरात्री गुपचूप घर सोडून निघून गेला. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ तपासून सांगितलं की ही कथा मागाहून रचलेली दिसते. शाक्य आणि कोलीय या शेजाऱ्यांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणं होत. माणसं एकमेकांवर शस्त्रं उचलत. त्याचा वीट येऊन गौतम बाहेर पडला, आणि तोही लपूनछपून नव्हे, तर आईवडील रडत असताना, सगळ्यांदेखत. विचार करा, हे कोण लिहितंय? ज्याने स्वतः तरुणपणी घर सोडलं तो माणूस. तेविसाव्या वर्षी तो स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी निघाला होता. चौसष्टाव्या वर्षी तो सांगत होता की बुद्ध निघाला तो माणसांमधल्या भांडणावर उपाय शोधायला. प्रश्न तोच राहिला, पण चाळीस वर्षांत तो मी पासून आपण पर्यंत वाढला. आतून वाढणं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

शेवट मात्र मनाला चटका लावणारा आहे. म्हातारपणी आजारांनी शरीर थकलं. पार्श्वनाथांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आपलं काम झालं असं मानून त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी एकदा त्यांना त्यापासून परत फिरवलं होतं. पण ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात अशा उपवासानेच त्यांचं देहावसान झालं. तेव्हा स्वातंत्र्य जेमतेम अडीच महिन्यांवर आलं होतं. त्यांचा हा निर्णय मला पचवता आलेला नाही, आणि तो अनुकरणाचा विषय नाहीच. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं जगणं.

आता एक आपल्या घरची गोष्ट. ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये कार्हुनेन-लोएव्ह रूपांतर शिकलेलं असतं. इमेज कॉम्प्रेशनमध्ये, चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याचा उपयोग होतो. त्या दोघांच्या आधी, १९४३ साली, हीच कल्पना एका भारतीय गणितज्ञाने मांडली होती. म्हणून आता अनेक ठिकाणी त्याला कोसंबी-कार्हुनेन-लोएव्ह प्रमेय म्हणतात. ते कोसंबी म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, आपल्या धर्मानंदांचा मुलगा. जन्म १९०७ चा, म्हणजे धर्मानंद घरी परतल्यानंतरचा. वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेला गेला, तिथल्या शाळेत आणि मग हार्वर्डमध्ये शिकला. गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाने त्याला ओळखलं. धर्मानंद चीवर न उतरवता रानात ध्यान करत राहिले असते तर आपल्या पुस्तकातलं ते प्रमेय कुणा दुसऱ्याच्याच नावाने राहिलं असतं!

तर मग पुढे काय, या कट्ट्यावरच्या प्रश्नाचं धर्मानंद उत्तर देतात का? तयार उत्तर नाही देत. पण एवढं दिसतं की आपल्याला काय पाहिजे हे त्यांना घरात बसून विचार करकरून कळलं नाही. त्यांनी एक नेमका प्रश्न धरला आणि त्याच्यासाठी पहिलं लागणारं काम केलं – व्याकरण घोकलं. नेपाळात उत्तर चुकीचं निघालं तेव्हा तसं कबूल करून पुढची गाडी धरली. चीवर अपुरं वाटलं तेव्हा ते उतरवलं. जे मिळालं ते घेऊन आपल्या माणसांत, आपल्या भाषेत परत आले. आणि या सगळ्याची किंमत घरातल्या कुणीतरी मोजली, हेही त्यांच्या चरित्रातून लपत नाही. आपण इथे चार वर्षं काढतोय ती कुणाच्या तरी पगारातून, कुणाच्या तरी मोडलेल्या दागिन्यातून. शोध आपला असला तरी खर्च एकट्याचा नसतो.

लायब्ररीत धर्मानंदांचं ‘निवेदन’ मिळालं तर सुट्टीत घरी नेऊन जरूर वाचा. फार जाड पुस्तक नाही. आणि वाचताना अधूनमधून बाळाबाईंची आठवण ठेवा. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही म्हणून तर ती जास्तच ठेवायला हवी.